सकाळी नऊलाच डेटा खलास? पॅक मारण्याआधी हे बघा

दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा रिचार्जचं नसतं, तक्रारीचं असतं. "कालच पॅक मारलाय आणि आज सकाळी नऊलाच डेटा संपल्याचा मेसेज." नाहीतर, "डेटा आहे, पण नेट चालत नाही." आणि सगळ्यात जास्त ऐकू येते ती या दोन्हींची खिचडी: "नेट स्लो झालंय, मोठा पॅक मारा." असं म्हणून माणूस नोट काउंटरवर ठेवूनही मोकळा होतो. सिंधुदुर्गात एसटी स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. नोट उचलून व्हाउचर (चालू पॅकवर जादा डेटा) मारून दिलं तर माझं कमिशन सुटतं. पण तोच माणूस तिसऱ्या दिवशी परत येतो आणि माझ्याच नावाने बोंब मारतो. रोज तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

डेटा संपणं हा एक आजार, नेट स्लो असणं हा दुसरा. गंमत अशी की पहिल्याचं लक्षण दुसऱ्यासारखं दिसतं. रोज दीड जीबी किंवा दोन जीबीवाल्या पॅकमध्ये दिवसाचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, स्पीड पाडला जातो. बहुतेक पॅकच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: त्यानंतर ६४ केबीपीएस. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. कॅमेऱ्याने काढलेला तीन एमबीचा फोटो जसाच्या तसा या स्पीडने पाठवायचा तर सहा मिनिटं चोवीस सेकंद लागतात, तेही मध्ये काही अडलं नाही तर. 'गुड मॉर्निंग'चे चार शब्द मात्र लगेच जातात, कारण ते एक-दोन किलोबाइटचं काम. म्हणून माणसाला वाटतं की नेट तर आहे, कंपनीच लुच्ची. मासळी बाजारात कोड स्कॅन केल्यावर गोल गोल फिरत राहतं आणि मागची बाई "आटप रे" म्हणून ओरडते, तेव्हाही पुष्कळदा हाच प्रकार असतो. (अशा वेळी *९९# डायल करून बँकेतून पैसे पाठवता येतात, त्याला नेट लागत नाही. जरा किचकट आहे, पण सुरमई परत ठेवावी लागत नाही.)

आता निदान. मेसेज जातो पण फोटो अडकतो, घरात, बाजारात, माळावर सगळीकडे सारखंच रडगाणं, आणि रात्री बारा वाजल्यावर मंत्र मारल्यासारखं सगळं सुरळीत? कोटा संपला होता. अंगणात चालतं आणि माजघरात नाही? सिग्नल. दुपारी पळतं, रात्री नऊला रांगतं? टॉवरवर गर्दी. मोठा पॅक मारून यातला फक्त पहिला प्रश्न सुटतो, आणि तोही सुटतोच असं नाही. ते कसं, पुढे येतंच.

स्पीड टेस्ट करू नका. निदान रोज नको

तपासायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा स्पीड टेस्ट लावतात. ती टेस्ट काय करते? पंधरा-वीस सेकंद जमेल तितक्या जोरात डेटा ओढते आणि मग ढकलते. तुमच्या ४जीला ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे ५ एमबी) मिळत असतील तर पंधरा सेकंदांत ७५ एमबी गेले, वर अपलोडचे वेगळे. ५जीवर ३०० एमबीपीएस मिळत असतील तर दहा सेकंदांत ३७५ एमबी. कॉलेजचा एक मुलगा दिवसातून आठ-दहा वेळा टेस्ट करून मला स्क्रीनशॉट दाखवायला आणायचा, "बघा, दुपारी किती पडतो स्पीड!" दुपारपर्यंत त्याचा अर्धा कोटा स्पीड मोजण्यातच गेलेला असायचा.

तिथेच आणखी एक घोळ आहे. टेस्टमध्ये ४० दिसतं आणि पिक्चर डाउनलोड करताना वर पट्टीत ५ दिसतं, की लगेच "बघा, आठपटीने लुबाडतात." लुबाडत नाहीत. टेस्ट मेगाबिट मोजते, फोनच्या वरच्या पट्टीतला आकडा मेगाबाइटमध्ये असतो, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. ४० भागिले ८ बरोबर ५. कंपन्या जाहिरातीत बिट सांगतात कारण आकडा मोठा दिसतो, आणि डेटा विकताना बाइट सांगतात. हे मात्र मलाही लबाडीचं वाटतं.

ब्रॉडबँड म्हणायचं तर किमान डाउनलोड स्पीड २ एमबीपीएस हवा, अशी व्याख्या केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये केली. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती. फोनच्या सहा इंची पडद्यावर एक माणूस साधा व्हिडिओ बघणार असेल तर त्या २ मध्येही भागतं. तेव्हा ४० चे ३० झाले म्हणून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते ६४ केबीपीएसवर आल्यावर.

दशावताराने खाल्लेला डेटा

मागच्या मोसमातली गोष्ट. कार्तिक पौर्णिमा झाली की आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्रभर दशावतार. आमच्या वाडीतले एक काका या नाटकांचे वेडे. सुनेने नवा फोन घेऊन दिल्यापासून ते नुसतं बघत नाहीत, शूटिंग करतात. जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दुकानात हजर.

"रे, नेट खंय जाता? मिया काय खातंय?"

दीड जीबीचा पॅक. वापर म्हणाल तर सकाळी व्हॉट्सॲप, संध्याकाळी थोडं भजन. तीन दिवस रोज सकाळी उठायच्या आतच डेटा संपलेला. आधी दुसऱ्या एका दुकानात जाऊन त्यांनी दोन व्हाउचर मारून घेतली होती, तीही तासाभरात उडाली. मग कुणीतरी सांगितलं की फोन हॅक झालाय, म्हणून ते घाबरलेले. बँकेचं ॲप काढून टाकलं होतं बिचाऱ्यांनी.

फोन हातात घेतला. सेटिंग्ज, त्यात 'नेटवर्क अँड इंटरनेट' (काही फोनवर 'कनेक्शन्स'), त्यात 'डेटा युसेज'. तिथे कुठल्या ॲपने किती खाल्लं याची उतरंड लागलेली असते, सगळ्यात खादाड वर. काकांच्या फोनवर सगळ्यात वर गुगल फोटोज, साडेतीन जीबीच्या आसपास. त्यावर बोट ठेवलं की दोन आकडे दिसतात: 'फोरग्राउंड' म्हणजे ॲप उघडून समोर असताना गेलेला डेटा, 'बॅकग्राउंड' म्हणजे फोन खिशात किंवा उशाशी असताना गेलेला. काकांचा जवळजवळ सगळा बॅकग्राउंडचा.

गॅलरी उघडली आणि उलगडा झाला. संकासुराच्या एन्ट्रीपासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत सात-आठ क्लिपा, सगळ्या मिळून चाळीस मिनिटं. १०८० पीमध्ये, म्हणजे फुल एचडी दर्जात, शूट केलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो. चाळीस मिनिटांचे झाले पाच जीबीच्या वर. सुनेने फोन सेट करताना फोटो हरवू नयेत म्हणून बॅकअप चालू केला होता, आणि 'मोबाईल डेटा वापरू का' या प्रश्नाला 'हो, मर्यादा नको' म्हणून दिलं होतं. तिच्या मुंबईच्या घरी वाय-फाय, तिला त्यात काही वावगं वाटलं नसणार. मग व्हायचं काय, तर रात्री बाराला नवा कोटा आला की फोन चार्जिंगला लावलेला, काका झोपलेले, आणि फोन निवांतपणे दशावतार वर चढवत बसायचा. अपलोडला नुसता ४ एमबीपीएस मिळाला तरी दीड जीबी संपायला तास पुरत नाही. पाच जीबी म्हणजे चार रात्रींचं काम. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले नसते तर पाचव्या दिवशी आजार आपोआप बरा झाला असता आणि पुढच्या जत्रेला परत उपटला असता. आणि मधे मारलेली व्हाउचरं? तीही बॅकअपनेच खाल्ली. मोठा पॅक मारून प्रश्न सुटत नाही म्हणालो तो असा.

यात लक्षात ठेवायची बाब एकच: अपलोडही तुमच्याच कोट्यातून जातो. लोकांच्या डोक्यात 'बघितलं तर डेटा जातो' एवढंच बसलेलं आहे. पाठवलेलाही जातो.

बॅकअप मी बंद केला नाही. नातवंडांचे फोटो आहेत, फोन विहिरीत पडला तर रडायची पाळी. फक्त गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये जाऊन मोबाईल डेटावरचा वापर बंद केला. फोटो, व्हिडिओ जातील ते वाय-फाय मिळेल तेव्हा. (फुकटची जागा १५ जीबी, तीत जीमेलही आलं, म्हणजे दशावताराचा अख्खा मोसम त्यात मावणार नाहीच. ती वेगळी कथा.)

बाराच्या आधी, बाराच्या नंतर

या एका गोष्टीने निम्म्या तक्रारी मिटतात, म्हणून सांगतो. रोजच्या कोट्याचा उरलेला डेटा रात्री बाराला बुडतो. तुम्ही आज सहाशे एमबीच वापरले तर बाकीचे नऊशे गेले. दीड जीबी गुणिले २८ दिवस म्हणजे ४२ जीबी तुम्ही विकत घेता, पण खरे वापरता किती ते बघा. आणि फोनमधली सगळी आपोआप चालणारी कामं, म्हणजे ॲपची अपडेट्स, बॅकअप, सिस्टीमचं अपडेट, नेमकी उलट वागतात. संध्याकाळी कोटा संपला म्हणून ती ताटकळत असतात आणि बारा वाजून गेल्यावर नव्या ताटावर बसतात.

तेव्हा हे आपणच फिरवायचं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो-अपडेट' फक्त वाय-फायवर ठेवा. पण घरात वाय-फाय नसेल तर ॲप कधीच अपडेट होणार नाहीत आणि एक दिवस बँकेचं ॲप 'जुनं झालं' म्हणून उघडायलाच नकार देईल. म्हणून आठवड्यातून एकदा रात्री अकराला उरलेला डेटा बघायचा आणि गरजेची चार ॲप हाताने अपडेट करून टाकायची. बुडणारच होता, कामी आला. पिक्चर उतरवून ठेवायचा तोही याच वेळी.

व्हॉट्सॲपमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडून मोबाईल डेटावरचं 'मीडिया ऑटो-डाउनलोड' पूर्ण काढून टाका. सहा ग्रुप असलेल्या माणसाला याचा गुण लगेच येतो. यूट्यूबला मोबाईल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' लावा. ४८० पीला तासाला अर्धा जीबी धरा, १०८० पीला दीडच्या वर, आणि हातातल्या फोनवर तमाशा दोन्हीत सारखाच दिसतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतात. रील्सचं मी काही सांगत नाही. 'डेटा युसेज'मधला आकडा कागदावर लिहा, दहा मिनिटं रील्स बघा, परत आकडा बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी मानत नाही असा माझा अनुभव आहे.

साध्या फोन कॉलला डेटा जातो का, असं आजी लोक विचारतात. नाही जात, वर 'व्होल्टे' लिहिलेलं असलं तरी नाही. व्हॉट्सॲपवरून केला तर जातो.

हॉटस्पॉटबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. पुण्याहून एक मुलगा गणपतीला घरी आला, आठवडाभर इथूनच काम करणार. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, आणि वीस मिनिटांत दोन जीबी साफ. त्याने धड एक मेलसुद्धा पाठवला नव्हता. लॅपटॉपच्या लेखी हॉटस्पॉट म्हणजे वाय-फाय, आणि वाय-फाय म्हणजे मुबलक. साठलेली अपडेट्स, ऑफिसच्या फाइलींचं सिंक, सगळं एकदम सुटलं. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायचं. म्हणजे लॅपटॉपला कळतं की इथे पाणी मोजून येतं. तीच गत टीव्हीची. एकदा हॉटस्पॉटला जोडलेला टीव्ही पासवर्ड विसरत नाही. तुम्ही हॉटस्पॉट बंद करायला विसरलात आणि पोरांनी कार्टून लावलं की तो मोठ्या पडद्याला साजेशा दर्जाचा व्हिडिओ ओढतो, फोनवरच्या ४८० पीचा तिथे काही संबंध नाही.

"५जी अनलिमिटेड आहे, तरी संपला"

ही नवी तक्रार. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेल या दोघांनीही अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवर ठेवलं. म्हणजे दीड जीबीवाल्याच्या फोनवर वर ५जी दिसत असेल तरी पॅक नीट वाचा. आणि दोन जीबीवाल्याचंही ५जी जोपर्यंत धरलेलं आहे तोपर्यंतच अमर्याद. आमच्याकडे बाजारपेठेत ५जी मिळतं, दोन वळणं पुढे घाटी उतरली की ४जी. व्हिडिओ बाजारात सुरू केला, भारीतल्या दर्जात चालला, वाटेत फोन गुपचूप ४जीवर गेला आणि तोच व्हिडिओ आता कोट्यातून खायला लागला. घरात ५जी कच्चं असेल तर दिवसभर फोनच्या अशा कोलांट्या चालूच. त्यामुळे 'अनलिमिटेड आहे' म्हणून दर्जा वर ठेवू नका, जिथे ५जी ठाम मिळतं तिथेच मोठी कामं उरका.

याच कारणाने फोनमधला मीटर आणि कंपनीचा मीटर जुळत नाहीत. फोन ५जी, ४जी सगळं एकत्र मोजतो आणि बहुतेक फोन महिन्याच्या हिशोबाने मोजतात. कंपनी रोज बाराला शून्यावर येते. किती उरला ते कंपनीच्या ॲपमध्ये बघा, कुणी खाल्ला ते फोनमध्ये.

डेटा आहे आणि तरी रांगतंय

मग मोठा पॅक मारू नका, पाण्यात जाईल. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस', तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये असतो, नेहमी उणे. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे झकास, उणे ११०च्या पलीकडे म्हणजे देवावर भरवसा. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी, त्यामुळे चार काड्या, तीन काड्या मोजण्यापेक्षा हा आकडा बघा. माजघरात बघा, पडवीत बघा, माडीवर बघा. चिऱ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रे असलेल्या घरात फरक पडतोच. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, २३००च्या तितक्या शिरत नाहीत, म्हणून शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं कार्ड तुमच्याच ओसरीवर पळतं. नवं सिम घ्यायच्या आधी त्याचा फोन दोन दिवस स्वतःच्या घरात फिरवून बघा.

आकडा चांगला आणि तरी स्लो, तेही फक्त संध्याकाळी, म्हणजे टॉवर वाटून घ्यावा लागतोय. चतुर्थीला चाकरमानी आले की वाडीतली माणसं दुप्पट होतात आणि टॉवर तेवढाच राहतो. आरतीचा व्हिडिओ कॉल त्या आठ दिवसांत लागला तर बाप्पाची कृपा. त्याला माझ्याकडे औषध नाही. फ्लाइट मोड दहा सेकंद चालू-बंद केला की फोन टॉवरशी नव्याने जोडतो, कधी कधी मोकळी जागा मिळते. नाही मिळाली तर पहाटे पाठवा.

व्हाउचर घ्यायचंच झालं तर एकच विचारा: हे आज रात्री बाराला संपणार की पुढे काही दिवस चालणार? दोन्ही प्रकारची असतात, आणि रात्री नऊला पहिल्या प्रकारचं मारणारे लोक मी रोज बघतो.

काकांचं म्हणाल तर डेटा आता रात्रीपर्यंत पुरतो. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी ते दुकानात येतात, माझ्या वाय-फायला फोन जोडतात आणि बाकड्यावर बसतात. क्लिपा वर चढेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दाखवत सांगतात, हा बघ, हा राजा दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे स्त्रीपार्ट करायचा. मागच्या वेळी दोन क्लिपा उरल्या होत्या तेव्हा लाइट गेली, राउटर बसला, तर उद्यावर टाकत म्हणाले, "ऱ्हवांदे, फाल्यां येतंय."